मोजायचं ते मेनी, मापायचं ते मच

कोराडीच्या आमच्या जुन्या घरात इंग्रजीचा अभ्यास छपरीत चालायचा. एका टोकाला आबाजींची, म्हणजे आमच्या आजोबांची, आरामखुर्ची, दुसऱ्या टोकाला मोठी आई, म्हणजे थोरली काकू, सूप घेऊन बसलेली आणि मधे सतरंजीवर आम्ही पाच जण: दादा, दोघी ताया, मी आणि धाकटी. मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. दादा पाचवीत गेला १९७६ च्या जूनमध्ये आणि धाकटी १९८४ च्या. मधले आम्ही तिघं दोन-दोन वर्षांच्या अंतराने. म्हणजे दर दोन वर्षांनी आमच्या छपरीत कोणीतरी नव्याने ए-बी-सी-डी गिरवायला बसायचं आणि घरातल्या मोठ्यांना तेच नियम पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागायचे. पाच वेळा सांगताना ते नियम घासून घासून लख्ख झाले. दादाला जो नियम समजायला महिना लागला, तो धाकटीला एका संध्याकाळी समजला. ती हुशार होतीच, पण सांगणारेही तोवर तयार झाले होते.

त्या वर्षांत कोराडीही बदलत होती. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की येणारं हे गाव आधी जगदंबेच्या मंदिरासाठी आणि नवरात्रातल्या गर्दीसाठी ओळखलं जायचं. १९७४ साली वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आधी लहान चार संच आले, मग मोठे आले आणि १९८३ पर्यंत सात झाले. चिमण्या आमच्या अंगणातून दिसायच्या. वसाहतीत तेलुगू, बंगाली, पंजाबी अशी किती तरी घरं आली. बाबा केंद्रात ऑपरेशनमध्ये लागले आणि आमच्या घरात तीन पाळ्यांचं वेळापत्रक आलं. मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, शेती पाहायचे. आबाजी मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळातले मॅट्रिक. मोठी आई सावनेरकडची, मराठी चौथी शिकलेली. इंग्रजीचं एक अक्षरही तिला येत नव्हतं.

इंग्रजी व्याकरणाचा आम्हाला मिळालेला पहिला नियम रेल्वे स्टेशनवरचा. इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणारी छोट्या लाईनीची गाडी कोराडीला थांबायची. तिथल्या पाटीवर गावाचं नाव देवनागरीतही होतं आणि इंग्रजीतही. आबाजींनी दादाला तिथे उभं करून विचारलं, "पहिलं अक्षर कोणतं?" दादा म्हणाला, "के." "वहीत लिहिशील तेव्हा हा के नेहमी मोठा. कोराडी हे विशेषनाम आहे. गाव कितीही लहान असो, त्याचं पहिलं अक्षर मोठंच लिहायचं." आमच्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाहीच, त्यामुळे हा नियम मराठी लेकराला सवयीने येत नाही, लक्षात ठेवावा लागतो. दादानंतर आम्ही चौघांनीही तो त्याच पाटीखाली उभं राहून शिकला. आजही कोणी आमच्या गावाचं नाव लहान अक्षराने लिहिलेलं दिसलं की आमच्यापैकी प्रत्येकाचा हात ते दुरुस्त करायला जातो.

शाळेत सर 'धिस इज अ पेन, दॅट इज अ ट्री' असं हातवारे करून शिकवायचे. बालभारतीच्या पुस्तकात नियम फारसा सांगितलेला नसायचा. वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची आणि साचा कानात बसवायचा, अशी ती पद्धत. पद्धत वाईट नव्हती. पण ज्या घरात दिवसभर कानावर इंग्रजी पडत नाही, तिथे साचा कानात किती दिवस टिकणार? नियम कळायला हवा होता, आणि तो घरी कळला.

अनेकवचनाची संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. हिवाळा होता. मोठी आई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. दादा पाठ करत होता, "वन बुक, टू बुक्स." ती म्हणाली, "म्हणजे येस लावला की झालं? बाप्पा, एवढंच?" तिला हे फारच सोपं वाटलं, आणि तिचं बरोबर होतं. आपल्याकडे आंबा असेल तर आंबे, शेंग असेल तर शेंगा, केळं असेल तर केळी, आणि देव मात्र देवच. शब्दाचं लिंग आणि शेवटचा स्वर पाहिल्याशिवाय मराठी अनेकवचन होत नाही. हे सगळं न शिकता बोलणाऱ्या लेकराला इंग्रजीचा 'एस' म्हणजे काहीच नव्हे. तिने दादाला सांगितलं, "तू याहून अवघड रोज बोलतो." त्या एका वाक्याने दादाची भीती गेली असं तो अजून सांगतो.

अडचण आली ती 'मेनी' आणि 'मच'ला. 'मेनी राईस' असं मोठ्या ताईने लिहिलं आणि सरांनी त्यावर लाल रेघ मारली. आबाजींनी गणनीय आणि अगणनीय नामं समजावून सांगितली, पण ताईच्या डोक्यात काही शिरेना. मोठी आई आतून पायली घेऊन आली. तांदळात बुडवून भरली, हाताने सपाट केली आणि ताईसमोर ठेवली. मग सुपातल्या शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या. "या मोज. मोजता येते ना? आता हे तांदूळ मोज. नाही, याले मापतात. मोजायचं ते मेनी, मापायचं ते मच. झालं." मोजणे आणि मापणे हे दोन वेगळे शब्द मराठीत आहेतच. पाणी मापायचं, दूध मापायचं, धान्य मापायचं. माणसं मोजायची, गुरं मोजायची, शेंगा मोजायच्या. पैसा मोजतात, तरी 'मच मनी' कसं, हा प्रश्न मधल्या ताईने पुढे काढला. आबाजींनी सांगितलं की मोजतो ते रुपये, मनी हा सगळा मिळून एक ढीग. मोठी आई म्हणाली, "म्हणजे पायलीतला." या नियमात आम्हा पाचांपैकी कोणीही पुन्हा चुकलं नाही.

आता जे मला मुख्यतः सांगायचं आहे त्याकडे येतो. आमच्या घरात नागपुरी बोलायचे. "काय करून राहिला?" "जेवून राहिलो." "पाणी येऊन राहिलं का नळाले?" शाळेत मात्र हे मराठी अशुद्ध ठरायचं. एका सरांनी तर वर्गात आम्हाला उभं करून सांगितलं होतं की 'राहिलो-राहिली' सोडल्याशिवाय तुम्हाला कोणतीच भाषा येणार नाही. आम्ही मान खाली घालून ऐकलं. त्या वयात गुरुजींचा शब्द खोटा असू शकतो हे मनातही येत नाही.

पण चालू वर्तमानकाळ आला तेव्हा उलटंच घडलं. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांतला फरक पुस्तकात 'मी जातो' आणि 'मी जात आहे' असा दिला होता. 'मी जात आहे' असं आमच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं, त्यामुळे तो फरक कागदावरच राहिला. मोठी आई ऐकत होती. ती म्हणाली, "मी जातो म्हणजे रोज जातो. मी जाऊन राहिलो म्हणजे आता, या घडीले पाय रस्त्यावर हाय." दादाने पाहिलं, तर 'गोइंग' म्हणजे हुबेहूब 'जाऊन राहिलो'. ईटिंग म्हणजे खाऊन राहिलो, स्लीपिंग म्हणजे झोपून राहिलो. भूतकाळात 'वॉज गोइंग' म्हणजे जाऊन राहिलो होतो. नुसता अर्थाचा सारखेपणा नव्हता, बांधणीही तशीच: कामाचा शब्द एका ठरलेल्या रूपात अडकवायचा आणि काळ सांगण्याचं काम सोबतच्या छोट्या क्रियापदावर सोडायचं. आमच्या बोलीत हे रूप हिंदीच्या शेजारामुळे आलं असं जाणकार म्हणतात. कुठूनही आलेलं असो, ते आमच्या जिभेवर होतं. ज्या 'राहिलो'ने भाषा येणार नाही असं सांगितलं गेलं, त्याच 'राहिलो'ने आम्हाला इंग्रजीचे निम्मे काळ शिकवले.

बोलीने एका ठिकाणी पाडलंही. आम्ही म्हणायचो, "मले समजून नाही राहिलं." मधल्या ताईने त्यावरून लिहिलं, 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.' 'मले वाटून राहिलं'वरून 'आय ॲम फीलिंग दॅट', 'दिसून राहिलं'वरून 'आय ॲम सीइंग'. लाल रेघा पडल्या. नो, लाईक, अंडरस्टँड, सी, हिअर या क्रियापदांना सहसा 'आयएनजी' लावत नाहीत हे आबाजींनी यादीसकट सांगितलं. मोठी आई थोडा वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "हातापायाचं काम चालू असलं तं आयेनजी. मनातलं, डोळ्याकानातलं आपोआप होत असलं तं नाही." आबाजींनी लगेच अपवाद काढला, "आय ॲम थिंकिंग चालतं." ती म्हणाली, "विचार आपोआप होत नाही, करावा लागते." मी पुढे पुष्कळ पुस्तकं पाहिली. इतक्या कमी शब्दांत हा नियम मला कुठे सापडला नाही.

आबाजींजवळ तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग होते, कापडी पुठ्ठ्यात बांधलेले. आधी थोडा नियम, मग शब्द, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायची वाक्यं. महाराष्ट्रातल्या किती पिढ्या त्यावर इंग्रजी शिकल्या असतील! आबाजी पुस्तकातला नियम घ्यायचे आणि वाक्यं मात्र घरातली द्यायचे: बैल गोठ्यात आहे, आजी दळण घेऊन गेली, तळ्यात पाणी कमी झालं. 'गोठ्यात', 'टेबलावर', 'झाडाखाली' यांचं इंग्रजी करताना आमची तारांबळ उडायची. मराठीत 'वर', 'खाली', 'मध्ये' हे शब्द नामाच्या मागे चिकटतात आणि नामाचं रूपही बदलतात. इंग्रजीत ते पुढे येऊन वेगळे उभे राहतात. आबाजी गाडीबैलाचं उदाहरण द्यायचे: आपण मागून ढकलतो, ते पुढून ओढतात.

'अ', 'ॲन' आणि 'द' हे तर मराठीत नाहीतच. त्यासाठी आबाजींनी 'हितवाद' वापरला. १९११ पासून नागपुरातून निघणारं हे इंग्रजी वृत्तपत्र त्यांच्याकडे रोज यायचं. त्यांचं वाचून झालं की एक स्तंभ आमच्यापुढे, हातात लाल पेन्सिल, आणि काम असं की प्रत्येक 'द'खाली रेघ ओढायची आणि तो का आला ते सांगायचं. "ओळख झाली आहे का पाहा. गावात एक माणूस आला, तो 'अ मॅन'. दुसऱ्यांदा त्याच्याबद्दल बोललो की 'द मॅन', कारण आता तो आपल्याला माहीत आहे." रात्री आकाशवाणीवर इंग्रजी बातम्या लागल्या की 'हॅज' आणि 'हॅव' किती वेळा आले ते बोटांवर मोजायचं. ताजी बातमी 'हॅज सेड'ने सुरू होते आणि कालची वेळ सांगितली की 'सेड' येतं, हे आम्ही पुस्तकातून नव्हे, रेडिओसमोर बसून शिकलो.

रेन आणि मार्टिनचं 'हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन' बाबांनी सीताबर्डीवरून जुनं विकत आणलं. वरचं पान नव्हतं. हे पुस्तक मुळात हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलं गेलं आणि त्यातल्या रेनसाहेबांनी 'बो जेस्ट' नावाची गाजलेली कादंबरीही लिहिली, हे मला पुष्कळ नंतर समजलं. आमच्या लेखी तो धर्मग्रंथ होता. वाद झाला की आबाजी म्हणायचे, "रेन काढा." त्यातली ॲक्टिव्ह-पॅसिव्हची वाक्यं आम्ही पानंच्या पानं उलटवली. पण पॅसिव्ह का वापरायचं, हे सांगितलं बाबांनी.

बाबा पाळीवर लॉगबुक लिहायचे, इंग्रजीत. ते घरी आणता यायचं नाही, पण त्यांनी सरावासाठी एक जुनी डायरी ठेवली होती. तिच्यात ते वाक्यं लिहून पाहायचे आणि आबाजींकडून तपासून घ्यायचे. चाळिशीला आलेला मुलगा वडिलांसमोर वही घेऊन बसतो, हे दृश्य आम्ही रोज पाहिलं. अभ्यासाची लाज वाटू नये हे आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही. तर डायरीत असायचं, 'मिल वॉज स्टॉप्ड,' मिल म्हणजे कोळसा दळणारी चक्की. दादाने विचारलं, कोणी थांबवली ते का नाही लिहिलं? बाबा म्हणाले, "पुढच्या पाळीवाल्याला काय हवं? मिल बंद आहे आणि किती वाजता बंद झाली. कोणाच्या हाताने, ते त्याला नको. ज्याच्यावर काम झालं ते महत्त्वाचं असलं की ते पुढे आणायचं." मराठीत आपण 'मिल बंद करण्यात आली' म्हणतो तेच. 'चेंज द व्हॉइस' हा परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न एकदम जगण्यातला झाला.

'डिड'चा नियमही बाबांचाच. 'डिड यू वेंट' ही चूक मी वर्षभर करत होतो. भूतकाळ आहे, मग 'वेंट' का नको? बाबा रात्रपाळीला निघाले होते, डबा हातात होता. दारातच थांबून म्हणाले, "मी आता जाऊन चार्ज घेतो. मी चार्ज घेतला की आधीचा माणूस घरी जातो. दोघं एका खुर्चीवर बसत नाहीत. डिडने भूतकाळाचा चार्ज घेतला की वेंटला सुटी. ते आपलं साधं गो होऊन जातं." मग सायकलवर पाय टाकता टाकता म्हणाले, "डझचंही तसंच. डझने एस घेतला की क्रियापदाला एस नको." दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले तेव्हा मी दहा वाक्यं लिहून ठेवली होती, आणि दहाही बरोबर होती. त्या वहीवर त्यांनी सही केली, जशी लॉगबुकवर करायचे, खाली वेळ घालून.

त्या 'एस'चीच एक गोष्ट धाकटीची. तिने 'माय फॅमिली' निबंध लिहिला. 'माय सिस्टर गोज टू स्कूल' बरोबर. 'माय ब्रदर प्लेज' बरोबर. आणि पुढे 'माय ग्रँडफादर गो टू द टेंपल', 'माय फादर वर्क'. तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनाला 'एस' लागतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, ताईला आणि भावाला तो लावलाही होता. सर्वांना कोडं पडलं. विचारल्यावर ती म्हणाली, "आबाजी जाते असं कसं म्हणू? आबाजी जातात." तिच्या डोक्यात आदरार्थी अनेकवचन होतं. मोठ्यांना एकवचन लावायचं नाही, म्हणून तिने 'एस' काढून टाकला होता. आईसाठी मात्र तिने 'माय मदर कुक्स' असं 'एस' लावून लिहिलं होतं, कारण आई स्वयंपाक करते. आबाजींनी तो निबंध दोनदा वाचला. मग तिला जवळ बसवून म्हणाले, "इंग्रजीत आदर क्रियापदात नसतो. मला एस लाव. मला राग येणार नाही." परवानगी मिळाल्यावर तिने शाईच्या पेनाने बारीक 'ईएस' लिहिला. मराठी घरातल्या मुलांची ही चूक मी पुढेही कितीदा पाहिली आहे, आणि दर वेळी वाटतं की ती अज्ञानाची चूक म्हणून कापू नये, तिच्यामागचा विचार आधी ऐकावा.

डायरेक्ट-इनडायरेक्टचा धडा ताटांवरून शिकलो. मोठ्या ताईच्या पोटात दुखत होतं. धाकटी स्वयंपाकघरात सांगून आली, "ताई म्हणाली मी जेवणार नाही." मोठ्या आईने धाकटीचं ताट उचलून ठेवलं आणि ताईला हाक मारली. मराठीत दुसऱ्याचं बोलणं आपण त्याच्याच तोंडचं ठेवतो, 'मी'सकट. ऐकणाऱ्याने संदर्भावरून समजून घ्यायचं. इंग्रजीत निरोप्या सगळं आपल्या जागेवरून सांगतो: 'मी'चं 'ती' होतं, 'विल'चं 'वुड' होतं, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' होतं. आबाजींनी त्या रात्री जेवताना तेच वाक्य घेऊन आम्हाला शिकवलं. धाकटीला ताट परत मिळालं, हे सांगायला हवं.

आता देवीची गोष्ट. आमच्या कोराडीच्या जगदंबेबद्दल सर्व भागात श्रद्धा आहे की दिवसातून तिची तीन रूपं दिसतात: सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढ स्त्री. मोठी आई रोज मंदिरात जायची आणि आमच्यापैकी कोणीतरी सोबत असायचं. चालताना पाठांतर: गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. राईट, रोट, रिटन. एकदा मी कंटाळून म्हणालो, एकाच क्रियापदाची तीन-तीन रूपं कशाला? ती म्हणाली, "आपली देवी एकच, पण तीन रूपांत पाहतो ना? सकाळची, दुपारची, संध्याकाळची. तसं समज." त्यानंतर आम्ही ती रूपं म्हणताना 'सकाळ, दुपार, संध्याकाळ' अशीच विचारायचो. "टेकचं संध्याकाळचं सांग." "टेकन." 'कट', 'पुट', 'हिट' यांची तिन्ही वेळा एकच रूपं, हे कळल्यावर धाकटीने फार आनंदाने विचारलं होतं की त्यांचा दिवस मावळतच नाही का. नवरात्रात मंदिरात ज्योती लागायच्या तेव्हा गर्दीतून हात धरून चालतानाही आम्ही क्रियापदं म्हणत असू.

मोठी आई हे सगळं पाच वेळा ऐकून शिकली. दादाच्या वेळी ती बहुतेक नुसती ऐकत होती. मधल्या ताईच्या वेळी तिने आमच्याबरोबर अक्षरं गिरवली. माझ्या वेळी ती 'एस राहिला' म्हणून टोकू लागली. आणि धाकटीला तर आधी तिनेच शिकवलं, आबाजी तोवर थकले होते. तिने एक शंभर पानी वही केली होती. चार रकाने: तीन क्रियापदाच्या तीन रूपांचे, देवनागरीत लिहिलेले, आणि चौथा आमच्या बोलीचा. 'गो, वेंट, गॉन' आणि पुढे 'जाते, गेला, गेलेला हाय'. 'ब्रेक, ब्रोक, ब्रोकन' आणि पुढे 'फोडते, फोडला, फुटेल हाय'. कोणी तिला असं करायला सांगितलं नव्हतं.

आबाजी एकदा म्हणाले होते की ती जे करते तेच जुन्या लोकांनी केलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. आज शाळेत शिकवतो त्या शब्दांच्या आठ जाती, नाम-सर्वनामापासून केवलप्रयोगीपर्यंत, त्या काळापासून इंग्रजीतल्या आठांना शेजारी ठेवून बसवत आणल्या. त्याआधी संस्कृतात यास्कांनी तर चारच सांगितल्या होत्या. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मराठीत रूढ केली मेजर कँडी या इंग्रज माणसाने. एका भाषेच्या आधाराने दुसरी समजून घ्यायची ही रीत दोन्ही बाजूंनी चालत आलेली आहे. मोठ्या आईला यातलं कोणतंही नाव ठाऊक नव्हतं.

२००० सालच्या जूनपासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. आमची मुलं तर बहुतेक इंग्रजी शाळेतच गेली. दादाची नात आता सातवीत आहे. तिचं इंग्रजी बोलणं आम्हा पाचांपेक्षा कितीतरी सरस आहे आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. गेल्या दिवाळीत तिने मला विचारलं, "आजोबा, आय ॲम नोइंग का चुकीचं? मला चुकीचं वाटतं, पण का ते माहीत नाही." मी तिला मोठ्या आईचा हातापायाचा नियम सांगितला. तिला 'करून राहिलो' हे रूप माहीत नव्हतं. घरात आता ते कोणी बोलत नाही, आम्हीच सोडलं. मग मला आधी तिला नागपुरी शिकवावी लागली आणि नंतर नियम. पाऊण तास लागला. शेवटी ती खोलीभर फिरत म्हणत होती, "मी चालून राहिले, मी बोलून राहिले, मी हसून राहिले," आणि मोठी ताई पदराने डोळे पुसत होती.

जुने बहुतेक संच बंद झाले. आता कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. छोटी लाईन गेली, तिच्यासोबत ती पाटीही गेली. आबाजी, बाबा आणि मोठी आई आता नाहीत. तर्खडकरांचे तीन भाग दादाकडे आहेत, बाबांची डायरी माझ्याकडे आणि मोठ्या आईची वही धाकटीकडे. वहीची पानं पिवळी पडली आहेत, पण चारही रकाने स्पष्ट वाचता येतात. विदर्भातल्या आणखी कोणाच्या घरी अशी हाताने लिहिलेली, बोलीचा रकाना असलेली इंग्रजीची वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका. घरातल्या लहानांना ती एकदा मोठ्याने वाचून दाखवा.